कोपऱ्याचा पाचवा हात

रंगारी माळ्यावर बसून छत रंगवत होता आणि त्याचा मेव्हणा खाली शिडी धरून उभा होता. मेव्हणा एवढंच म्हणाला, "भावजी, त्या कोपऱ्यात जरा राहिलंय."

झालं. रंगाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हयात गेली माझी भिंती रंगवण्यात. तू मला शिकवू नकोस. शिडी धरणाऱ्यानं गुमान शिडी धरावी."

"बरं," म्हणत मेव्हण्याने शिडी उचलली, काखोटीला मारली आणि तो चालता झाला.

एक हाक मारली असती, तर तो जिन्यातूनच परतला असता. पण हाक मारेल तो रंगारी कसला. वेळ जायचा म्हणून त्याने तोच कोपरा पुन्हा रंगवायला घेतला. मालकीणबाई चहाला बोलवायला आल्या, तेव्हा तिसरा हात चालू होता. जेवायला बोलवायला आल्या, तेव्हा पाचवा.

"अहो, आता तरी खाली या."

"मनासारखं झाल्याशिवाय मी उतरत नसतो." पोटात कावळे ओरडत होते, पण तोरा कायम.

बाई अगदी गहिवरल्या. "अशी माणसं राहिली नाहीत हो आता. मग असं करा, बाकीच्या खोल्यांनाही पाच-पाच हात द्या. दोन हातांत तुमचं समाधान कुठलं व्हायला."

रंगाऱ्याने घाईघाईने तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून शिडी आत आली आणि शिडीपाठोपाठ मेव्हणा.

 

"देतील की, बाई. भावजी रंग देतील, मी गुमान शिडी धरतो."