आत विचारा

सकाळपासून सातव्यांदा लॅपटॉप हँग झाला, तेव्हा शेषगिरी सरांनी सवयीप्रमाणे त्याचं बटण दाबून धरलं.

"अय्यो, सर! सोडा ते," पद्मा म्हणाली. "मला नीट बघू तरी द्या."

पद्मा सरांची जुनी विद्यार्थिनी. हुबळीला गोकुळ रोडवर तिचं कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान होतं. सरांचा फोन आला म्हणून शनिवारचं दुकान लवकर बंद करून ती धारवाडला, सप्तापूरला त्यांच्या घरी आली होती. साल २००७. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणारा माणूस तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच. "फुकट आहे म्हणून नव्हे, मोकळं आहे म्हणून," हे सर पोस्टमनलासुद्धा समजावून सांगत. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, हट्ट सोडतो कुठला!

घरात मात्र हा हट्ट अजिबात चालत नसे. दूध किती घ्यायचं, भिंतीला रंग कुठला, लग्नाला कोणी जायचं, काहीही विचारलं की सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, "आत विचारा." आत म्हणजे स्वयंपाकघरात, भागीरथीबाईंना. चाळीस वर्षं सगळे आतच विचारत आले.

भागीरथीबाई बायकांची गाणी गोळा करत. हादग्याची, डोहाळजेवणाची, अर्धी मराठी, अर्धी कानडी. सर निवृत्त झाल्यावर दोघांनी त्यांचं पुस्तक करायला घेतलं. बाईंची नजर मधुमेहाने अधू झाली होती. म्हणून सरांनी एक जुना, भलामोठा मॉनिटर आणून स्वयंपाकघरातल्या फडताळाशेजारी मांडला आणि दारातून केबल ओढली. सर मधल्या खोलीत टाइप करत. उजवीकडे, दारापलीकडे, बाई भाजी निवडता निवडता ठळक अक्षरांत ते वाचत. "अहो, सासू आधी, नणंद मग!" ही हाक आणि फोडणीचा वास एकदमच बाहेर यायचा. काय दिवस होते ते!

मग एका सकाळी बाई तिथेच चक्कर येऊन पडल्या. धावपळीत लॅपटॉप उघडाच राहिला आणि बॅटरी संपून केव्हातरी विझला. बाई दवाखान्यातून परत आल्या नाहीत. कितीतरी महिने सरांनी त्याला हात लावला नाही.

आता वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी पुस्तक तयार हवं, तर सोमवारी फाइल छापखान्यात पोचायला हवी. पण सेव्ह केलेल्या फाइलमध्ये शेवटची पाच गाणी नव्हती. ती कागदावरही नव्हती. त्या सकाळी बाईंनी म्हणून दाखवली होती आणि सरांनी थेट टाइप केली होती. आज त्यांना त्यातली एकही ओळ आठवत नव्हती. बायको समोर गात होती आणि आपण नुसत्या कळा दाबत बसलो, याचं त्यांना फार वाईट वाटे.

"असली तर याच्यातच असतील," सर म्हणाले. "आणि हे लिहायचा प्रोग्रॅम उघडला की गप्पच बसतंय."

पद्माने माऊस सरकवला. बाण उजवीकडे गेला आणि पडद्याची कड ओलांडून दिसेनासा झाला. माऊस डावीकडे ओढला, तसा परत आला. तिने दोनदा, तीनदा करून पाहिलं.

"सर, या बाजूला दुसरा पडदा होता ना? याला वाटतंय, तो अजून आहे. काहीतरी तिकडं दाखवतंय हे. तो मॉनिटर कुठाय?"

सर ओशाळले. "दान दिला."

तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू दान देतात. अंथरूण, छत्री, चपला. आत विचारायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून सरांनी स्वतःच्याच अकलेने त्यात मॉनिटरही ठेवला. रोज ती त्याच्यापुढेच तर बसायची!

"दुकानातला दुसरा उद्या आणते," पद्मा म्हणाली. पण सरांना उद्यापर्यंत धीर कुठला? ते पायांत चपला सरकवून मागच्या गल्लीत श्रीवत्साचार्यांकडे निघालेसुद्धा. आचार्यांनीच ते दान घेतलं होतं.

आचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "दिलेलं दान परत नेता येत नाही, सर. पण तुमचं यंत्र इकडं आणा की. त्याला कुठं बंदी आहे?"

मॉनिटर आचार्यांच्या माजघरात होता. त्यावर क्रोशाचं झाकण, झाकणावर पंचांग. पद्माने ते बाजूला काढलं, लॅपटॉप डावीकडे ठेवला, केबल जोडली आणि प्रोग्रॅम उघडला. लॅपटॉप नेहमीसारखाच गप्प. मॉनिटर मात्र हळूहळू उजळला आणि त्याच्या मधोमध एक चौकट उभी राहिली. आत इंग्रजीत दोन ओळी आणि खाली दोन बटणं.

पद्माने त्या वाचल्या. मग ती सरांकडे वळली.

"सर, हे कधी हँग झालंच नव्हतं. तुम्ही उघडलंत की दर वेळी एकच प्रश्न विचारत होतं. फक्त आत विचारत होतं."

"काय विचारतंय?"

"त्या दिवशीचं काम मध्येच राहिलं. ते सगळं जपून ठेवलंय. पुढं चालू करायचं का, म्हणून विचारतंय. सांगा सर, काय दाबू?"

सरांची मान सवयीने उजवीकडे वळली. तिकडे आचार्यांच्या स्वयंपाकघराचं दार होतं आणि कुणीतरी फोडणी घातली होती. सर तसेच थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. मग त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"दाब," ते म्हणाले. "आतून हो आलंय."