साळुबाईचा काढा

फोन वाजला तशी साळुबाई पिठाच्या हातानंच परसात पळाली. डिंभ्यात रेंजचं हे असं. धुण्याच्या दगडावर उभं राहिलं तर काही ऐकू येणार, खाली उतरलं की गेलं. आळेफाट्याच्या नर्सरीवाल्या गोरखच्या फोनची ती कालपासून वाट बघत होती.

आत तिचा नवरा, धर्माजी, खोकत होता. खोकून खोकून माणसाचं पार चिपाड झालेलं. दवाखान्याची औषधं झाली, पुण्याला चला म्हणून पोरगा, सूरज, हातापाया पडला, पण म्हातारा हटून बसलेला. मराण आलं तर हितंच येऊ दे, म्हणायचा. त्या शब्दाची साळुबाईला लई भीती वाटायची. ह्यांच्यामागं आपण एकटीनं काय करायचं, ह्या विचारानं तिचा जीव थाऱ्यावर नसे.

सगळी भिस्त आता परसातल्या झाडावर. एल्डरबेरीचं रोप म्हणून गेल्या वर्षी गोरखच्या नर्सरीतून आणलेलं. थंड मुलखातलं झाड आहे, फळं चांगली उकळून काढा पाजा, छाती मोकळी होते, असं त्यानं सांगितलं होतं. साळुबाईनं शेणखत घालून, राख घालून ते पोरासारखं वाढवलं. झाड डोक्याएवढं उंच झालं, पण फळाचा पत्ता नाही. शेवटी काल शेजारच्या अक्षदाला सांगून तिनं झाडाचा फोटो गोरखला पाठवला आणि विचारलं, फळ न्हाई तर काढा कशाचा करू?

गोरखचा आवाज तुटत तुटत येत होता.

"काकू, फोटो बघितला... आजच्या आज... मुळासकट काढा. ऐकू येतंय का? मुळासकट काढा."

"येतंय, येतंय. मुळासकट."

"हाताला फडकं बांधा... जनावरं लांब... मुळीचा तुकडासुदीक ठेवू नका..."

आणि लाईन गेली.

साळुबाईला ह्यात काही नवल वाटलं नाही. तिच्या माहेरीही मुळीच्या औषधाचं असंच होतं. उघड्या हातानं धरायचं नाही, कुणाची सावली पडू द्यायची नाही, अर्धवट सोडायचं नाही. औषध म्हटलं की पथ्य आलंच.

तिनं शेळी लांब बांधली, हाताला फडकं गुंडाळलं आणि कुदळ घेतली. मुळ्या धुतल्या, ठेचल्या, पातेल्यात घालून चुलीवर ठेवल्या. वासानं चुलीपुढचं मांजर उठून गेलं. पाणी आटून आटून काळं झालं.

धर्माजीनं पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. कडू जहर आहे म्हणाला, ह्यापरीस खोकला बरा. साळुबाईनं गूळ घातला. विनवलं. मग चिडली. शेवटी ओझरच्या विघ्नहराची आण घातली, तरी म्हातारा भिंतीकडंच बघत राहिला.

"तुमी गेल्यावर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

धर्माजीनं मान वळवली. "तुझ्यासाठी पितो गं," म्हणाला, आणि पेला एका दमात रिकामा केला. तळाचा गाळसुद्धा ठेवला नाही. मग कुशीवर वळून पडून राहिला.

थोडा वेळ खोकला येत राहिला. मग कमी झाला. मग थांबलाच. साळुबाई दाराला टेकून कान देऊन उभी होती. कितीतरी महिन्यांनी घर असं शांत झालं होतं. गुण आला गं बाई, म्हणून तिनं देवाला हात जोडले, डोळ्यांना पदर लावला आणि त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

फोन पुन्हा वाजला. ती हसतच दगडावर चढली. ह्या खेपेला आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"काकू, मगापास्नं लावतोय. फोटो बघून माझी झोपच उडाली. ती एल्डरबेरी न्हाईच, आमच्याकडनं चुकून दुसरंच रोप गेलंय. त्याचा पाला खाऊन माझ्या दोन शेळ्या जागच्या जागी गेल्या. म्हणून तर म्हटलं, मुळासकट काढा."