दोन कॅमेरे

बस डेपोच्या फाटकापाशी दोन कॅमेरे समोरासमोर उभे होते. एक सरकारी, हवालदाराच्या खांद्यावर. दुसरा कंडक्टरबाईंच्या मोबाइलचा. संपावरच्या लोकांचे चेहरे टिपायचे, एवढंच हवालदाराचं आजचं काम. बाई त्याचा चेहरा टिपत होत्या.

"दादा, उजवीकडून घ्या हो. डाव्या गालावर मस आहे माझ्या," बाई म्हणाल्या. मागचे ड्रायव्हर खो खो हसले. हवालदारालाही हसू फुटलं, ते त्यानं कॅमेऱ्याआड गिळलं.

हवालदारामागे उभे असलेले त्याचे साहेब हसले नाहीत. "मोबाइल खाली."

"का? रस्त्यावर उभी आहे. तुमच्या कामात आडवी आलेली नाही. शूटिंग करू नये असा कायदा असेल तर दाखवा, आत्ता ठेवते पिशवीत."

"कायदा दाखवू?" साहेबांनी शेजारच्या शिपायाची काठी ओढून घेतली.

पहिला फटका मनगटावर बसला. मोबाइल उडाला आणि बुटाखाली त्याचा चुरा झाला. मग खांदा, मग कानशील. बाई गुडघ्यांवर आल्या. डोकं वाचवायला त्यांनी हात वर केला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज हवालदाराला चार पावलांवर ऐकू आला. गणवेशाची कॉलर लाल होत गेली. ड्रायव्हर धावले, तर शिपायांनी त्यांना फाटकाशी दाबून झोडपायला सुरुवात केली.

हवालदाराच्या खांद्यावरचा कॅमेरा चालूच होता.

"तिनं हात उगारला, तेवढंच ठेव," साहेब धापा टाकत म्हणाले. "हल्ल्याच्या गुन्ह्यात आत टाकतो हिला. बाकीचं पुसून टाक. आणि बंद कर ते आता."

बाईंचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्यानं त्या हवालदाराकडे बघत होत्या.

"दादा," त्या पुटपुटल्या, "माझा तर गेला."

बावीस वर्षांत हवालदारानं कुठल्याही साहेबांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्याचं बोट बटणापर्यंत गेलं. तिथेच राहिलं.

"बहिरा झालास का रे?" साहेबांनी पंजा थेट भिंगावर दाबला. चौकट काळी झाली.

चित्रीकरणात अडथळा आला, तर वेळ आणि कारण तोंडानं बोलून नोंदवायचं, असं त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्याचा आवाज रोजचाच निघाला, कोरडा, सरकारी.

"अकरा वाजून बारा मिनिटं," तो माइकजवळ तोंड नेऊन म्हणाला. "भिंगावर साहेबांचा हात आहे. बाई जमिनीवर आहेत, त्यांच्या हातात काही नाही. यापुढे जो आवाज येईल, तो मला मारल्याचा."