ओलाव्याची पावती

"उठा डोमाजी, बाईले बसू द्या." ईश्वरसेठनं तिसऱ्यांदा सांगितलं.

डोमाजी हलले नाहीत. "तिले दुसरी द्या. हे खुर्ची माही हाये."

प्रतिक्षानं मुकाट्यानं स्टूल ओढलं. भंडाऱ्याहून तुमसरच्या या राइस मिलमध्ये ती कंप्युटर दुरुस्त करायला आली होती, खुर्चीचा तंटा मिटवायला नव्हे.

धानाचा ओलावा मोजणारा मिलचा प्रोग्रॅम फार जुना. नव्या कंप्युटरवर तो चालेना, म्हणून कोणीतरी नव्याच्याच पोटात जुन्या काळचा दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कंप्युटर बसवून दिला होता. व्हर्च्युअल मशीन. ओलावा मोजायच्या मीटरच्या वाटीत धान टाकलं की आकडा त्या मशीनमध्ये जायचा आणि छापील पावती निघायची. परवा सेठनं सगळं अपग्रेड करून घेतलं. आज सकाळी आपल्या पोराला, सचिनला, कौतुकानं दाखवायला स्वतः क्लिक केलं, तर पडद्यावर लाल फुली. बाहेर धानाचे सात ट्रॅक्टर खोळंबले होते.

"मशीन सुरू झाली का उद्यापासून सचिन बसन इथं," सेठ म्हणाला. म्हणजे चोवीस वर्षं मिलमध्ये काढलेल्या डोमाजींनी उद्यापासून घरी बसायचं. प्रतिक्षाला ते बरं वाटलं नाही, पण तिला कोण विचारतो?

"मशीन कायले पायजे? सरका बाजूले, मी काढून देतो पावत्या," डोमाजी म्हणाले.

"कशानं? दातानं?" सेठ हसला. पूर्वी डोमाजी दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगत. मशीन आल्यावर सेठनं ते बंद करवलं आणि त्यांना बटण दाबायला बसवलं. मशीनचं गुणगान गाताना त्याचं तोंड थकत नसे. मागच्याच महिन्यात नागपूरच्या एका लॅबनं मिलच्या वीस पावत्या तपासल्या होत्या, वीसही बरोबर निघाल्या. माणसाच्यानं हे होते का, असं तो येईल त्याला विचारायचा.

डोमाजींनी खिशातून एक दाणा काढून तोंडात टाकला, कडकन फोडला आणि कोंडा टेबलाखाली थुंकला. तिथं कोंड्याचा ढीगच होता. प्रतिक्षानं पाय आखडून घेतले.

कंप्युटरवर दोनच गोष्टी होत्या: मशीनचं चित्र आणि 'कोरी पावती' नावाची फाइल. फाइल तिनं कोपऱ्यात सरकवली आणि मशीनचा पासवर्ड विचारला.

"नाही आठवत."

"रोज टाकता ना, काका?"

"नाही आठवत म्हणलं ना."

म्हातारा भलताच अडेलतट्टू. नोकरी जाणार म्हणून मुद्दाम खोडा घालतोय, हे तिला दिसत होतं. पण हार मानणं तिच्याही रक्तात नव्हतं. तिनं कंप्युटर बंद करून मूळ सेटिंग उघडली. मशीनला लागणारी परवानगी तिथं बंदच होती. ती चालू केली. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. पासवर्डला वळसा घातला. तीनच्या सुमारास जुना निळा पडदा उजळला.

डोमाजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "झालं ना तुह्या मनासारखं? तरी मी उठत नसतो. सांग तुह्या सेठले."

सगळं नीट आहे ना हे पाहायला तिनं मशीनमधली पावत्यांची यादी उघडली आणि थेट तळाशी गेली. मग पुन्हा वर जाऊन पुन्हा तळाशी आली. तिची नजर आधी टेबलाखालच्या कोंड्यावर, नंतर कोपऱ्यातल्या 'कोरी पावती'वर गेली.

"झाली का सुरू?" सेठनं दारातून विचारलं.

प्रतिक्षानं पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि मान ताठ केली.

"नाही सेठजी. हे मशीन आता कामाचं नाही. पावत्या बरोबर पाहिजे असतील तर डोमाजींना खुर्चीवरून उठवू नका. सचिनला माझं स्टूल द्या, बाजूला बसून शिकेल."

डोमाजींनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. यादी अजून तिच्यासमोर उघडी होती. तिच्यातली शेवटची पावती चार वर्षांपूर्वीची होती.