अकराचा रांजण

गॅलरीत सहा मडकी होती, पाण्यानं भरलेला एक रांजण होता, आणि उचलायला आंजोलिना एकटी. नवरा स्टामाटिस जानेवारीत गेला. ईस्टरच्या आदल्या दिवशी अकराची घंटा झाली की ग्रीसमधलं सगळं कोर्फू शहर गॅलऱ्यांतून खाली रस्त्यावर मडकी फेकतं. रांजण मात्र ही दोघं मिळून लोटायची. "काकू, यंदा रिकामाच टाका!" समोरच्या गॅलरीतून शेजारचा पानोस ओरडला. "रिकामा तुझ्या डोक्यात घालीन!" तेवढ्यात लारिसा शहराहून आलेली पर्यटक मुलगी उघड्या दारात दिसली. "आजी, इथून फोटो काढू?" "फोटो राहू दे. रांजणाचा पलीकडचा कान धर." घंटा घणघणल्या. दोघींनी रांजण कठड्यावर चढवला आणि सोडला. आवाज बंदरापर्यंत घुमला. खाली रस्ता अडवणाऱ्या दोरापलीकडची गर्दी मागे सरली, मुलगी फोटो काढायचं विसरली. आंजोलिनानं वाकून खालच्या दुकानांकडे पाहिलं. स्टामाटिस असताना रांजणाचं पाणी दुसऱ्या दुकानापलीकडे कधी गेलं नव्हतं. आज तिसऱ्याचा उंबरा भिजला होता.