रुमालाखालचा हात

"आप्पासो, रुमाल ठेवा बाजूला. तोंडानं बोला," गुंडा म्हणाला, तेही अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं.

आप्पासोंनी खांद्यावरचा रुमाल पसरून धरला होता. खरसुंडीच्या बाजारात बैलाचा भाव कधी तोंडानं ठरलाय? दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ज्यांची हयात बैल विकण्यात गेली, त्या आप्पासोंना हा कालचा व्यापारी सांगतो, तोंडानं बोला!

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पासोंना कंपवात झाला होता. हात थरथरायचा, चेहरा हलायचा नाही, पाऊल उचलायला वेळ लागायचा. तेवढ्यावरून लोकांनी त्यांना मोडीत काढलं. घरी येणारे त्यांच्या बायकोला, अंजनाबाईंना विचारायचे, "जेवत्यात का?" माणूस समोर बसलेला असताना! पोरगा सूरज तर आज निघताना म्हणाला होता, "ह्यो शेवटचा बाजार, आप्पा. हसं झालं तर परत यायचं न्हाई." आजार वाढत जाणार, हे सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण कामापासून तोडलंत तर माणूस आतून आधी संपेल, हेही सांगितलं होतं. ते कुणाच्या कानात शिरलं?

एकट्या अंजनाबाईंच्या. त्या विकायला आणलेल्या खोंडाची दोरी धरून उभ्या होत्या. "का रं गुंडा? हात थरथरतोय त्यांचा, अक्कल न्हाई थरथरत!"

"तसं न्हाई काकू. पर बोटं कळाय नगंत व्हय?" गुंडा दुसरीकडं बघत म्हणाला. समोर आलेला चहा त्यानं तसाच परत धाडला. एक हात खिशात घालून उभा होता, साहेबासारखा. मस्ती नुसती!

"जाऊ द्या की आप्पासो, ऐका त्याचं," मागनं कुणीतरी म्हणालं. आप्पासोंच्या डोळ्यांत पाणी आलं. चेहऱ्यावर मात्र काहीच उमटलं नाही, म्हणून ते कुणाला दिसलंही नाही.

"खोंड घ्यायचा तर रुमालाखाली यायचं," ते अडखळत म्हणाले. "न्हाईतर वाटंला लाग."

खोंड देखणा होता, गुंडाला हवा होता. तरी तो जागचा हलेना.

"भ्यालास व्हय रं?" अंजनाबाई कडाडल्या. आता लोक गुंडाला हसले. त्याचा नाइलाज झाला. खिशातला हात काढून त्यानं झटक्यात रुमालाखाली घातला. आप्पासोंनी तो घट्ट धरला.

रुमाल गदागदा हलायला लागला.

"आरं बगा, आप्पासोंचा रुमाल नाचाय लागला!" एकच हशा पिकला. सूरजनं मान खाली घातली. अंजनाबाईंना वाटलं, आपणच हट्टानं नवऱ्याची शोभा केली. त्यांना रडू फुटलं.

आप्पासोंनी मात्र बराच वेळ हात सोडला नाही. मग सावकाश बोटं दाबली, भाव ठरवला आणि गर्दीकडं वळले.

"हसा रं, पोटभर हसा. हात माझाच हाय."

हसून हसून लोक पांगले. तेव्हा कुठं आप्पासोंनी गुंडाच्या कानाशी तोंड नेलं.

"तुझा कवापास्नं थरथरतोय, लेकरा?"