शेवटच्या गाण्याचा मान

त्या संध्याकाळी दंतवैद्याला एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती, ती म्हणजे रॉकवेड्या मित्रमंडळीत जाणकार म्हणून मान. सगळ्यांनी मिळून गंमत म्हणून रचलेल्या स्वप्नातल्या मैफिलीत काय काय वाजणार ते सगळं ठरलं होतं, फक्त शेवटच्या गाण्यावर घोडं अडलं होतं. त्याने ठासून यंत्रांच्या घरघरीची एक प्रायोगिक रचना सुचवली आणि लावलीही. खरं तर ती त्याने स्वतः कधी पुरती ऐकलीच नव्हती, आणि हे उघडं पडेल अशी त्याला धास्ती होती.

"दाजी, तुमचं दात कोरायचं मशीन याहून सुरेल वाजतं," मेव्हण्याने टोमणा मारला.

तेवढ्यात घरघरीखालून ठोके ऐकू येऊ लागले. वेडेवाकडे, घाईघाईचे.

"आणि आता हे काय?"

दंतवैद्य दचकला, पण कबूल कसं करणार? "हाच तर तिचा प्राण आहे. नीट ऐका," असं म्हणून त्याने आवाज आणखी वाढवला.

ठोके हळूहळू मंदावत गेले आणि थांबले. मेव्हण्याच्या अंगावर काटा आला. "हरलो, दाजी! शेवट हाच. पुन्हा लावा."

त्याने पुन्हा लावली. या वेळी ती शेवटपर्यंत नुसती घरघरत राहिली, ठोके आलेच नाहीत. दंतवैद्याची नजर भिंतीकडे गेली आणि तो पलीकडच्या खोलीकडे धावला.

मान त्याला मिळाला. किंमत मोजली ती भिंतीपलीकडच्या वडिलांनी, जे वाचा गेल्यापासून काठी आपटूनच त्याला हाक मारत.